शहराचा पायाभूत कायदा बदलतो कसा : एका अभ्यासविषयाची प्रस्तावना

मुंबई शहराचा कारभार आजही ज्या कायद्याने चालतो, तो १८८८ सालचा आहे. त्या वर्षीचा मुंबई इलाख्याचा तिसरा अधिनियम. तो मंजूर झाला तेव्हा शहराच्या रस्त्यांवर घोड्यांच्या ट्राम धावत होत्या, शहरभर विजेचे दिवे अजून यायचे होते आणि १८९१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सव्वाआठ लाखांच्या आसपास होती. २०११ च्या जनगणनेत ती एक कोटी चोवीस लाखांवर गेली. माहीम-शीवपाशी थांबणारी हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत सरकली. मतदानाचा हक्क मूठभर करदात्यांकडून प्रत्येक प्रौढ नागरिकाकडे आला. एवढे सगळे बदलूनही कायदा तोच राहिला, कारण तो सतत दुरुस्त होत राहिला. ही दुरुस्ती कोण करते, कोणत्या पायऱ्यांनी करते, तिच्यात शहरातल्या माणसाला कुठे बोलता येते आणि कुठे येत नाही, हा या अभ्यासाचा विषय आहे.

विषयाचे नाव ऐकून वाचकांनी पाठ फिरवू नये, एवढी पहिली विनंती. कायद्याच्या दुरुस्त्या म्हणजे वकिलांचे काम, असा समज आपल्याकडे पक्का आहे आणि तो समजण्यासारखाही आहे. परंतु तुमच्या प्रभागातून एक नगरसेवक निवडायचा की चार, मालमत्ता कर भाड्याच्या अंदाजावर आकारायचा की भांडवली मूल्यावर, महापौराच्या हाती खरे अधिकार द्यायचे की मानाची खुर्ची, शेजारचे गाव महापालिकेत घ्यायचे की बाहेर ठेवायचे, हे सारे प्रश्न शेवटी एखाद्या कलमाच्या दुरुस्तीत किंवा राजपत्रातल्या अधिसूचनेत जाऊन मिटतात. सभागृहातली भाषणे आपण ऐकतो, वर्तमानपत्रातले मथळे वाचतो. पण निर्णयाचे शब्द मात्र फार थोडे लोक वाचतात. ते वाचणाऱ्यांची संख्या वाढावी, ही या प्रस्तावनेमागची इच्छा.

आरंभी एक भेद लक्षात घ्यावा. अमेरिकेतल्या अनेक शहरांना स्वतःची सनद असते आणि ती बदलण्याचा अंतिम अधिकार शहराच्या मतदारांकडे असतो. १८७५ मध्ये मिसूरी राज्याच्या घटनेने ही वाट मोकळी केली आणि पुढच्याच वर्षी सेंट लुइस शहराने स्वतःची सनद स्वीकारली. न्यूयॉर्कचे उदाहरण अधिक जवळच्या काळातले आहे. तिथल्या एका प्रबळ मंडळात शहराच्या लहानमोठ्या सर्व विभागांच्या प्रतिनिधींना सारखेच मत होते. १९८९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही रचना समान मताच्या तत्त्वाविरुद्ध ठरवली. त्याच वर्षी सनद-सुधारणा आयोगाने नवा मसुदा मतदारांपुढे ठेवला आणि मतदारांनी तो मान्य केला. अर्थात अमेरिकेतही दुसरी विचारधारा आहेच. शहराला राज्याने दिले तेवढेच अधिकार, असे आयोवातले न्यायमूर्ती जॉन डिलन यांनी १८६८ मध्ये ठामपणे मांडले होते.

आपली व्यवस्था डिलन यांच्या बाजूला झुकते. भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत पाचव्या नोंदीत स्थानिक शासन येते. म्हणजे महापालिका निर्माण करणारा, तिला अधिकार देणारा आणि ते काढून घेणारा कायदा राज्य विधानमंडळ करते. दुरुस्तीपूर्वी शहराचा कौल घ्यावा किंवा महापालिकेची संमती मिळवावी, असे बंधन राज्यघटनेत नाही. महापालिकेची सर्वसाधारण सभा ठराव करून शासनाला दुरुस्तीची विनंती करू शकते; शासन ती ऐकेल किंवा बाजूला ठेवेल. ही वस्तुस्थिती नव्या अभ्यासकाला खट्टू करते. मला स्वतःला ती आपल्या नगरशासनाची सर्वांत मोठी उणीव वाटते. तरीही अभ्यास इथे थांबवू नये, कारण या वाटेवर नागरिकाला आत शिरता येईल अशी दारे बरीच आहेत. ती कुठे आहेत आणि केव्हा उघडतात, हे ठाऊक असायला हवे.

थोडा इतिहास आधी पाहू. १८५० च्या सव्विसाव्या अधिनियमाने गावोगावी नगरपालिका स्थापन करण्याची सोय केली, तेव्हा अट अशी होती की रहिवाशांची तशी इच्छा असावी. सोलापूर, सातारा, अहमदनगर, पुणे या नगरपालिकांची सुरुवात त्या दशकातली. लोकसंमतीचा तो धागा पुढच्या कायद्यांत क्षीण झाला, पण तो कधी काळी होता हे विसरू नये. मुंबईत १८६५ च्या कायद्याने कारभार आयुक्ताच्या हाती एकवटला. आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांनी त्या अधिकारात बाजार उभारले, गटारे बांधली आणि भरमसाठ खर्च केला. १८७१ मध्ये करदाते रस्त्यावर आले. त्या वादळात तरुण फिरोजशहा मेहता यांनी घेतलेली भूमिका आजही अभ्यासण्यासारखी आहे. दोष एका अधिकाऱ्याचा नसून त्याच्यावर निवडून आलेल्या सभेचा अंकुश नाही हा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १८७२ च्या कायद्याने चौसष्ट सदस्यांची सभा आली. त्यातले निम्मे करदात्यांनी निवडायचे होते.

१८८८ चा कायदा या मंथनातून तयार झाला. मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे दोघेही तेव्हा गव्हर्नरांच्या कायदेमंडळात होते आणि विधेयकाच्या मूळ मसुद्यात शासनाचा हात जिथे जड होता, तिथे तो हलका करण्यासाठी दोघे झगडले. लॉर्ड रे हे गव्हर्नर ऐकून घेणारे होते, हेही नशीब. त्या कायद्याने आखलेली विभागणी आजच्या चौसष्टाव्या कलमात सापडते : नगरशासन महापालिकेच्या सभेकडे, अंमलबजावणीचा अधिकार आयुक्ताकडे. आणि चोपन्नाव्या कलमाप्रमाणे आयुक्ताची नेमणूक शासनाची. मुंबईच्या नागरी राजकारणातले कितीतरी वाद या दोन कलमांमधल्या ताणातून जन्मले आहेत. १९९८ मध्ये मुंबई आणि नागपूर इथे अंमलबजावणीचा अधिकार निवडून आलेल्यांकडे देणाऱ्या महापौर परिषदेचा प्रयोग करून हा तोल बदलण्याचा प्रयत्न झाला. तो अल्पजीवी ठरला आणि कायदा पुन्हा जुन्या मांडणीवर आला.

पुढच्या दुरुस्त्या शहराच्या वाढीची पावले दाखवतात. १९२२ मध्ये ठरावीक भाडे भरणाऱ्या भाडेकरूंनाही मतदानाचा हक्क मिळाला आणि सभा एकशे सहा सदस्यांची झाली. १८९६ च्या प्लेगनंतर दाट वस्त्या मोकळ्या करण्यासाठी स्थापन झालेला सुधार ट्रस्ट १९३३ मध्ये महापालिकेत विलीन झाला. आजची सुधार समिती त्याचीच वारस. १९४७ च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, वीज आणि ट्राम-बस चालवणारी कंपनी महापालिकेने ताब्यात घेतली. त्यासाठी कायद्यात सोळा-अ हे वेगळे प्रकरण घातले गेले. कलम ४६०-अ पासून सुरू होणारी ती लांबलचक कलममालिका म्हणजे आपली बेस्ट. १९४८ ची निवडणूक प्रौढ मताधिकाराने झाली. १९५० आणि १९५७ मध्ये उपनगरे आत आली.

मुंबईबाहेरची कहाणी वेगळ्या कायद्यांत आहे. पुणे आणि अहमदाबाद या शहरांसाठी १९४९ मध्ये मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम झाला. आज तोच महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम म्हणून ठाण्यापासून अमरावतीपर्यंत लागू आहे. नागपूर मध्य प्रांत आणि वऱ्हाडाचे असल्यामुळे त्या शहराचा कायदा स्वतंत्र होता. भाषावार राज्यरचनेनंतर अर्धशतक तो तसाच चालला आणि २०१२ मध्ये निरसित होऊन नागपूर १९४९ च्या कायद्याखाली आले. नगरपरिषदा आणि नगरपंचायतींसाठी १९६५ चा अधिनियम आहे. गोव्यात पणजी महापालिकेसाठी २००२ चा स्वतंत्र कायदा आहे. बाकीच्या पालिका १९६८ च्या कायद्याखाली येतात. आपण ज्या शहराचा अभ्यास करणार, त्याला कोणता कायदा लागू आहे हे पहिल्याच दिवशी पाहून घ्या. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण मुंबईचे कलम पुण्याला लावून केलेले युक्तिवाद चर्चांमध्ये नेहमी ऐकू येतात.

आता प्रत्यक्ष वाटचाल. दुरुस्तीचा प्रस्ताव बहुधा मंत्रालयात नगरविकास विभागात आकार घेतो. त्यामागे महापालिकेचा ठराव असू शकतो, आयुक्तांचे पत्र, न्यायालयाचा निकाल किंवा नव्या सरकारचा राजकीय निर्णयही असू शकतो. विधी व न्याय विभाग मसुदा तपासतो, मंत्रिमंडळ मान्यता देते आणि विधेयक सभागृहात मांडले जाते. वाचकांनी विधेयकाचा कागद हाती आला की तो शेवटून वाचायला सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सांगेन. शेवटी उद्देश व कारणे यांचे निवेदन असते. शासनाला ही दुरुस्ती का हवी आहे, हे तिथे साध्या भाषेत लिहिलेले असते. खर्च पडणार असेल तर वित्तीय ज्ञापन जोडलेले असते. नियम करण्याचा अधिकार शासन स्वतःकडे घेत असेल, तर त्याचेही ज्ञापन असते, आणि ते कधीही वगळू नये. विधानमंडळाने आज रिकामी ठेवलेली जागा उद्या कोण भरणार, याचे उत्तर तिथे मिळते.

सभागृहात आधी विधेयकाच्या तत्त्वावर बोलणे होते, मग खंडशः विचार. याच टप्प्यावर एखादा आमदार एका शब्दाची दुरुस्ती सुचवू शकतो आणि कधीकधी तो एक शब्द शहराचे भले करून जातो. गंभीर विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठवता येते. समिती संस्थांची आणि तज्ज्ञांची निवेदने मागवते. नागरिकासाठी विधानमंडळातले सर्वांत रुंद दार ते हेच. नगरशासनाच्या अनेक दुरुस्त्या मात्र समितीच्या वाटेला न जाता अधिवेशनाच्या घाईत मंजूर होतात. एखादे विधेयक समितीकडे पाठवावे, अशी मागणी वेळेवर करणे हेही नागरिकाचे काम आहे आणि त्याला फार थोडे लोक हात घालतात.

महाराष्ट्रात विधेयक विधान परिषदेतही जाते. गोव्यात एकच सभागृह असल्यामुळे हा टप्पा नाही. परिषदेकडे नवख्याचे लक्ष जात नाही, पण या विषयात तिला खास स्थान आहे. तिच्या अठ्ठ्याहत्तर सदस्यांपैकी बावीस सदस्य स्थानिक प्राधिकारी मतदारसंघांतून येतात. त्यांचे मतदार म्हणजे महापालिका, नगरपरिषदा आणि जिल्हा परिषदांचे सदस्य. शहराचा कायदा बदलणाऱ्या विधानमंडळात शहराच्या प्रतिनिधींनी निवडलेली माणसे बसतात ती इथे. परिषदेला विधेयक कायमचे अडवता येत नाही. राज्यघटनेच्या १९७ व्या अनुच्छेदाप्रमाणे पहिल्यांदा तीन महिने आणि विधानसभेने पुन्हा मंजूर केल्यावर एक महिना, एवढीच तिची मुदत. पण विचार करायला लावणे हेही थोडे नाही. आणि महापालिकांच्या निवडणुकाच वर्षानुवर्षे झाल्या नाहीत, तर या बावीस जागांना मतदार कुठून मिळणार, हा प्रश्न अलीकडच्या काळाने आपल्यापुढे ठेवला आहे. दोन्ही सभागृहांनंतर राज्यपालांची संमती आणि मग राजपत्रात प्रसिद्धी. कायदा त्याच दिवशी लागू होतो, की शासन ठरवील त्या दिवशी, हे पहिल्याच कलमात पाहावे. मंजूर होऊनही तारखेची वाट पाहत पडून राहिलेली कलमे असतात.

एवढी वाट चालायला वेळ लागतो, म्हणून अध्यादेश. विधानमंडळाचे अधिवेशन चालू नसताना तातडीची गरज असेल, तर २१३ व्या अनुच्छेदाखाली राज्यपाल अध्यादेश काढतात. सभागृह पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याला कायद्याचे रूप मिळाले नाही, तर तो संपतो. महाराष्ट्रातल्या नगरशासनाच्या दुरुस्त्यांत अध्यादेशाचा वापर किती सहज होतो, हे पाहायचे असेल तर मुंबईच्या नगरसेवकांची संख्या पाहावी. १९९२ पासून ती दोनशे एकवीस होती, २००२ मध्ये दोनशे सत्तावीस झाली. नोव्हेंबर २०२१ मध्ये अध्यादेशाने ती दोनशे छत्तीस करण्यात आली. सरकार बदलले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा अध्यादेशानेच ती दोनशे सत्तावीसवर आली. या बदलाला दिलेली आव्हाने मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये फेटाळली. दोन्ही वेळा हात लागला तो पाचव्या कलमाला.

अध्यादेशांचा अभ्यास करताना एका पुणेकर संशोधकाचे ऋण मानल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या डॉ. डी. सी. वाधवा यांनी बिहारच्या राजपत्रांचे ढीग चाळून दाखवून दिले की १९६७ ते १९८१ या काळात दोनशे छप्पन अध्यादेश विधानमंडळापुढे न नेता पुन्हा पुन्हा काढून जिवंत ठेवले गेले. त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले आणि सर्वोच्च न्यायालयातही गेले. १९८६ च्या अखेरीस न्यायालयाने या प्रथेला घटनेची फसवणूक म्हटले. २०१७ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने तोच विचार आणखी कणखरपणे मांडला. राजपत्रासारखा नीरस वाटणारा कागद चिकाटीने वाचणारा एक माणूस देशाच्या घटनात्मक कायद्यात केवढी भर घालू शकतो, याचा मला मोठा अभिमान वाटतो. या क्षेत्रात येणाऱ्या विद्यार्थ्याने वाधवांची पद्धत डोळ्यांपुढे ठेवावी. त्यांनी मते मांडण्याआधी मोजणी केली.

कायदा न बदलता शहर बदलण्याच्या वाटाही आहेत आणि रोजच्या जगण्यावर त्यांचा परिणाम अधिक होतो. हद्दवाढ हे त्यातले ठळक उदाहरण. १९४९ च्या अधिनियमाच्या तिसऱ्या कलमाखाली शासन अधिसूचनेने महापालिकेची हद्द बदलू शकते. त्याआधी महापालिकेशी विचारविनिमय करावा लागतो आणि मसुदा प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात. पुण्यात २०१७ मध्ये अकरा आणि जून २०२१ मध्ये तेवीस गावे याच मार्गाने आली. पुढे फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. या प्रत्येक वळणावर गावकऱ्यांच्या हरकतींच्या फायली तयार झाल्या. कर वाढेल ही भीती, पाणी मिळेल ही आशा, जमिनीच्या आरक्षणाची चिंता, सगळे त्यात आहे. मराठी समाजशास्त्राच्या अभ्यासकांना याहून भरलेले साधन सहसा मिळणार नाही.

दुसरी वाट नियमांची आणि उपविधींची. उपविधी महापालिका स्वतः करते, मसुदा लोकांपुढे ठेवते आणि शासनाच्या मान्यतेनंतर तो लागू होतो. मुंबईत ४६१ व्या कलमाखालचे स्वच्छतेचे उपविधी २००६ मध्ये झाले. रस्त्यावर थुंकणाऱ्याला होणारा दंड त्यातूनच आला. २०२५ मध्ये त्यांच्या जागी आणायच्या नव्या उपविधींचा मसुदा प्रसिद्ध झाला आणि कचऱ्याच्या शुल्कासारख्या तरतुदींवर हरकती-सूचना मागवण्यात आल्या. शहराला स्वतःचे नियम स्वतः लिहिता येतात, असे हे लहानसे अंगण आहे. त्याचा पुरेसा वापर होत नाही, याची खंत वाटते.

नियम कलमाच्या मर्यादेत राहिला पाहिजे, हे तत्त्व मुंबईच्या मालमत्ता कराने छान समजते. २००९ च्या दुरुस्तीने भांडवली मूल्यावर कर आकारण्याची सोय १५४ व्या कलमात केली. ती सोय टिकली. पण तिच्याखाली केलेल्या नियमांत जमिनीवर भविष्यात होऊ शकणाऱ्या बांधकामाच्या क्षमतेचाही विचार मूल्य ठरवताना करायचा होता. तसे नियम नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवले. कलम शाबूत, नियम कोसळला. एखादी तरतूद वाचताना ती अधिनियमात आहे, नियमात आहे की उपविधीत, हे आधी विचारण्याची सवय तुम्ही लावून घेतलीत तर अर्धे गोंधळ आपोआप टळतील.

या साऱ्यावर १९९३ पासून राज्यघटनेचे छप्पर आले आहे. चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती त्या वर्षीच्या १ जूनला लागू झाली आणि राज्यांना आपापले कायदे तिच्याशी जुळवून घेण्यासाठी एक वर्ष देण्यात आले. महाराष्ट्राने १९९४ मध्ये सर्व नगरकायद्यांत एकत्र बदल केले. पाच वर्षांची मुदत, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांसाठी आरक्षण, राज्य निवडणूक आयोग, वित्त आयोग, तीन लाखांहून मोठ्या शहरांत प्रभाग समित्या : इतक्या गोष्टी आता विधानमंडळाच्याही मर्जीबाहेर गेल्या. महिलांचा हिस्सा मात्र राज्याला वाढवता येतो आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये तो निम्म्यावर नेला, ही या कायद्याच्या इतिहासातली उजळ नोंद. बाराव्या अनुसूचीतली अठरा कामे शहरांकडे सोपवायची की नाही, हे घटनेने राज्यांवर सोडले, आणि तिथेच गाडे रुतले. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा मुंबईचे जकातीचे उत्पन्न एका रात्रीत गेले; भरपाईसाठी राज्याला वेगळा कायदा करावा लागला. शहराच्या तिजोरीचे भवितव्य शहराच्या कायद्याबाहेर कसे ठरते, हे तेव्हा सर्वांना दिसले.

न्यायालयांची भूमिका इथे मोठी आहे. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेणे हे राज्य निवडणूक आयोगाचे घटनात्मक कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात २००६ मध्ये सांगितले. तरीही मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचा कारभार चालला. त्याची मुळे इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासंबंधीच्या २०२१ च्या निकालात, प्रभागरचनेचे अधिकार आयोगाकडून शासनाकडे घेणाऱ्या मार्च २०२२ च्या दुरुस्तीत आणि त्यावरच्या मे २०२२ च्या आदेशात शोधावी लागतात. निकाल आणि दुरुस्ती यांचा संवाद कधी उलट्या दिशेनेही चालतो. जातवैधता प्रमाणपत्र सहा महिन्यांत न दिल्यास राखीव जागेवरून निवडून आलेल्या नगरसेवकाचे पद जाते, असे २०१८ मध्ये न्यायालयाने ठरवले आणि राज्याने लगोलग मुदत वाढवणारी, मागील प्रकरणांनाही लागू होणारी दुरुस्ती केली. अशा दुरुस्त्या वाचताना तारखा शेजारी शेजारी मांडाव्यात. त्या पुष्कळ बोलतात.

काही दुरुस्त्या वाचून मन खिन्न होईल, हेही आधीच सांगितलेले बरे. नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा, असे २०१६ मध्ये ठरले, २०२० मध्ये ते रद्द झाले, २०२२ मध्ये पुन्हा आले. मुंबई वगळता इतर महापालिकांत प्रभागातले सदस्य २०१७ ला चार होते, २०१९ च्या अखेरीस एक ठरले, २०२१ मध्ये तीन, २०२२ मध्ये पुन्हा चार. प्रत्येक वेळी उद्देश व कारणांच्या निवेदनात कारण दिलेले आहे आणि आधीच्या वेळचे नेमके उलट कारणही राजपत्रात जपलेले आहे. मतदाराला आपला प्रतिनिधी कोण हे ओळखू येणे, ही लोकशाहीची पहिली गरज. निवडीची रीतच सत्तांतराबरोबर बदलत राहावी, हे मला मान्य होत नाही. वाचकांचे मत वेगळे असू शकेल. दोन्ही बाजूंची निवेदने वाचून त्यांनी ते बनवावे, एवढेच मागणे.

वाचायचे कसे, याबद्दल थोडे. मुंबईचा संपूर्ण अधिनियम सरळ वाचायला बसू नका. कोणीही तसा वाचत नाही. आधी व्याख्यांचे तिसरे कलम नजरेखालून घाला, मग महापालिकेची बंधनकारक कामे सांगणारे एकसष्टावे आणि ऐच्छिक कामे सांगणारे त्रेसष्टावे. त्यानंतर तुमच्या जिव्हाळ्याचा एकच विषय घ्या. मोडकळीस आलेल्या इमारतीत राहत असाल, तर ३५४ वे कलम आणि त्याच्या मागेपुढे अक्षरे जोडून आलेली कलमे घ्या. आकड्यापुढे अक्षर दिसले की समजावे, ही तरतूद १८८८ नंतरची. मग तळटीपेत दुरुस्तीचा अधिनियम क्रमांक आणि साल पाहावे, आणि तो दुरुस्ती अधिनियम काढून वाचावा. तो एकटा वाचून काहीच कळत नाही, कारण त्यात अमुक मजकुराऐवजी तमुक मजकूर दाखल करण्यात येईल, एवढेच असते. जुना आणि नवा मजकूर समोरासमोर ठेवून स्वतःच्या हाताने जोडावा. मराठी पाठ जरूर वाचा, पण अर्थाचा वाद झाला तर इंग्रजी पाठही शेजारी घ्या. शेवटी विधानमंडळातल्या त्या दिवसाच्या चर्चेचा वृत्तान्त शोधा. कलमाला आवाज मिळतो तो तिथे.

पहिल्या प्रयत्नासाठी मी पाचवे कलमच सुचवेन. सदस्यसंख्येचे हे कलम छोटे आहे आणि त्याच्या तळटीपांत सव्वाशेहून अधिक वर्षे सामावलेली आहेत. बहात्तर सदस्यांपासून सुरुवात करा, प्रत्येक बदलाला त्याचे साल, त्याचे कारण आणि त्या वेळची शहराची लोकसंख्या जोडा. एका नगरसेवकामागे किती नागरिक येतात, याचा भागाकार प्रत्येक टप्प्यावर करून पाहा. एक रविवार पुरेल. पुढच्या रविवारी स्वतःच्या शहराचा कायदा घ्या.